‘करील’ की ‘करावे’? हवामान परिषदेच्या बातम्यांबद्दल थोडंसं

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

दर वर्षी नोव्हेंबर आला की आपल्या पेपरात हवामान परिषदेची बातमी येते आणि दर वर्षी तिचा साचा तोच असतो. पहिल्या दिवशी नेत्यांचा ग्रुप फोटो, मग आठ-दहा दिवस सामसूम, आणि शेवटी एक तर ‘ऐतिहासिक करार’ नाहीतर ‘चर्चा निष्फळ’. मला दोन्ही मथळ्यांचा आता कंटाळा आलाय म्हणून हे पत्र लिहितोय. लांबलंय, कापलंत तरी राग नाही, फक्त ब्रॅकेटवाला भाग तेवढा ठेवा.

माझी सगळी नोकरी करारांचे मसुदे तपासण्यात गेली. अमुक पार्टी अमुक तारखेपर्यंत अमुक काम ‘करील’, अशी वाक्यं मी किती हजार वाचली असतील देव जाणे. आणि एकदा, कामाच्या घाईत, एका कलमात ‘करील’ च्या जागी ‘करावे’ टाईप झालेलं माझ्या नजरेतून सुटलं. समोरच्या पार्टीच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांनी गुपचूप सही केली, आणि पुढे काम अडलं तेव्हा त्यांचा माणूस शांतपणे म्हणाला की साहेब, यात ‘करावे’ लिहिलंय, आम्ही प्रयत्न केला, जमलं नाही. दोन वर्षं ते प्रकरण चाललं. तेव्हापासून मला कुठलाही करार दिसला की मी आधी क्रियापदं बघतो, बाकीचं नंतर.

त्यामुळे पॅरिसच्या हवामान परिषदेत १२ डिसेंबर २०१५ च्या संध्याकाळी काय झालं ते मला जरा जास्तच जवळचं वाटतं. सगळं ठरलं होतं, फायनल मसुदा सगळ्यांच्या हातात पडला होता, आणि श्रीमंत देशांनी उत्सर्जन कमी करण्यात पुढाकार घ्यायचा हे सांगणाऱ्या कलमात ‘शॅल’ हा शब्द निघाला. म्हणजे आपलं ‘करील’. अमेरिकेला हवं होतं ‘शुड’, म्हणजे ‘करावे’, कारण ‘शॅल’ राहिलं असतं तर करार सिनेटपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहापुढे, न्यावा लागला असता आणि तिथे तो मेलाच असता. (१९९७ मध्ये क्योटोच्या हवामान कराराच्या आधीच त्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी बजावलं होतं की विकसनशील देशांवर बंधन नसेल तर असला करार आमच्यापुढे आणू नका.) मग सभागृहात सगळे ताटकळत बसलेले, कोपऱ्याकोपऱ्यात घोळके, कुजबुज, आणि शेवटी सचिवालयाच्या एका अधिकाऱ्याने स्वल्पविराम वगैरे दुरुस्त्या वाचून दाखवल्या त्यातच हा शब्दही वाचून टाकला. तांत्रिक दुरुस्ती म्हणून! परिषदेचे अध्यक्ष, फ्रान्सचे फाबियुस यांनी हातातला छोटासा हिरवा हातोडा आपटला, टाळ्या झाल्या, लोक रडले, मिठ्या मारल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात मिठ्यांचे फोटो. शब्द कुठेच नाही.

आता कुणी म्हणेल की एका शब्दाचं काय एवढं. तर त्या शब्दाच्या पलीकडे काय आहे ते बघायला पाहिजे, आणि इथे पण आपल्या बातम्या कमी पडतात असं माझं मत आहे. दीड डिग्री, दोन डिग्री, तीन डिग्री असे आकडे छापले जातात आणि वाचणाऱ्याला वाटतं की हात्तिच्या, सकाळ आणि दुपारच्या टेम्परेचरमध्येच दहा-बारा डिग्रीचा फरक असतो, तीनने काय होणार! पण हे अख्ख्या पृथ्वीचं, बारा महिन्यांचं, समुद्र-वाळवंट-ध्रुव सगळ्याचं मिळून सरासरी आहे. साधारण वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात होतं तेव्हा उत्तर अमेरिका आणि युरोपच्या मोठ्या भागावर बर्फाचे किलोमीटर-किलोमीटर जाडीचे थर होते आणि समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, आणि तेव्हाची सरासरी उद्योगयुग सुरू व्हायच्या आधीच्या सरासरीपेक्षा किती कमी होती माहितीये? पाच-सहा डिग्री. बस्स. तेवढ्या फरकात जगाचा नकाशाच वेगळा होता. आपण दुसऱ्या दिशेने सव्वा-दीड डिग्रीच्या आसपास आलेलोच आहोत, २०२४ हे तर दीडच्या वर गेलेलं पहिलं कॅलेंडर वर्ष ठरलं. एका वर्षावरून पॅरिस करारातली दीडची मर्यादा ओलांडली असं धरत नाहीत, काही वर्षांची सरासरी बघतात, पण उंबऱ्यावर पाय पडलाय हे खरं.

शिवाय सरासरीत अजून एक गोम आहे. समुद्र हळू तापतो, जमीन लवकर तापते, आर्क्टिक तर जगाच्या तीन-चार पट वेगाने तापतंय. म्हणजे जग तीन डिग्रीने तापलं असं जेव्हा लिहिलेलं असतं तेव्हा माणसं जिथे राहतात त्या जमिनीवर ते तीनपेक्षा जास्तच असणार, आणि उष्णतेची लाट आली की त्याच्याही वर.

उष्णतेचं म्हणाल तर मला सगळ्यात भीती ज्याची वाटते ते साध्या थर्मामीटरवर दिसतच नाही. थर्मामीटरच्या खालच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि वारा द्यायचा, हवा कोरडी असेल तर पाणी उडतं आणि पारा भराभर खाली येतो, हवा दमट असेल तर येत नाही. याला वेट बल्ब टेम्परेचर म्हणतात. आपल्या अंगाचं पण तसंच आहे, घाम उडाला तर शरीर थंड होतं. हा ओल्या फडक्याचा आकडा ३५ ला पोचला तर सावलीत, पंख्याखाली, नुसतं बसून राहिलेला धडधाकट माणूसही काही तासांत मरू शकतो, कारण घाम नुसता ओघळतो, उडत नाही. अलीकडे तरुण निरोगी माणसांवर प्रयोग केले तर शरीर ३१ च्या आसपासच हात टेकायला लागतं असं दिसलं. म्हातारी माणसं, हार्ट पेशंट, बाहेर अंगमेहनतीचं काम करणारे यांचं त्याच्याही आधी. २००३ मध्ये युरोपात उन्हाळ्यात सुमारे ७० हजार माणसं जास्तीची गेली, आणि ती श्रीमंत देशांतली, दवाखाने असलेली, ॲम्ब्युलन्स असलेली.

पाण्याचं गणित सरळ आहे. हवा एक डिग्रीने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरून ठेवू शकते. मग ती जमिनीतलं पाणी जास्त ओढते, म्हणून दुष्काळ कडक होतो, आणि सोडते तेव्हा एकदम सोडते, म्हणून पूर. दोन्ही एकाच कारणाने, ‘दुष्काळ पण ग्लोबल वॉर्मिंगमुळे आणि पूर पण ग्लोबल वॉर्मिंगमुळे, हे काय गौडबंगाल’ असं विचारणाऱ्यांसाठी सांगतोय. २०२२ मध्ये पाकिस्तानात सव्वातीन कोटींच्या वर लोकांना पुराचा फटका बसला, १७०० वर मेले. आधी उष्णतेची लाट, मग पूर, एकाच वर्षात, त्याच लोकांवर. आणि त्या देशाचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याच्या आसपास.

समुद्राचं वेगळंच. तो संथ आहे पण थांबत नाही. ग्रीनलंडवरचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सात मीटरच्या वर चढेल, त्याला शेकडो-हजारो वर्षं लागतील, पण तो वितळणं एका मर्यादेपुढे थांबवता येणार नाही आणि ती मर्यादा दीड ते तीन डिग्रीच्या मधे कुठेतरी असावी असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे आत्ता हॉलमध्ये बसून ‘करावे’ लिहिणारी माणसं ज्या पिढ्यांसाठी किनाऱ्याची रेषा ठरवतायत त्या अजून शेकडो वर्षांनी जन्मणार आहेत. प्रवाळांची तर दोन डिग्रीला जवळजवळ वाटच लागते, २०१८ च्या आयपीसीसी (हवामानावरची संयुक्त राष्ट्रांची शास्त्रज्ञ समिती) रिपोर्टमध्ये आहे, दीडला ७० ते ९० टक्के जाणार आणि दोनला ९९ टक्क्यांच्या वर. अर्ध्या डिग्रीतला हा फरक.

एक दिलासा देणारी गोष्टही आहे, आणि ती फार कमी छापली जाते. कार्बन डायऑक्साइड टाकणं नेट शून्यावर आलं, म्हणजे जेवढा टाकतो तेवढाच काढूनही घेतला, की तापमानवाढही जवळपास तिथेच थांबते, असं आताचं विज्ञान सांगतं. (खाली मात्र लगेच येत नाही, पुष्कळसा वायू शेकडो वर्षं वरच राहतो.) दर हजार अब्ज टनांना साधारण ०.४५ डिग्री, असा हिशेब आहे. जग सध्या वर्षाला ४० अब्ज टनांच्या आसपास टाकतं. म्हणजे पंचवीस वर्षांत जवळजवळ अर्धी डिग्री. भागाकार कुणीही करावा. म्हणून ‘दीड गेलं, आता काय उपयोग’ असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे, प्रत्येक टन मोजला जातोच.

आता ब्रॅकेट.

या परिषदांमध्ये मसुदा लिहिताना ज्या शब्दावर सगळे राजी नाहीत तो शब्द चौकोनी कंसात टाकतात. मी असे मसुदे नेटवरून उतरवून वाचतो, ते सगळ्यांसाठी खुले असतात, रिटायर माणसाला दुसरं काय काम. सुरुवातीला पान उघडलं की नुसते कंसच कंस, एका वाक्यात ‘करील’ कंसात, ‘करावे’ कंसात, ‘करण्याचे आवाहन करतो’ कंसात, आणि कधी कधी अख्खा परिच्छेदच मोठ्या कंसात, शेवटी अजून एक पर्याय: ‘मजकूर नको’. दोन आठवडे चालतं ते हे कंस काढण्याचं काम. रात्र रात्र जागून. म्हणजे परिषदेत मधे आठ-दहा दिवस ‘काहीच झालं नाही’ असं जे आपल्याकडे वाटतं, त्याच दिवसांत सगळं होत असतं.

आणि कंस काढायला सगळ्यांची संमती लागते. मतदान नाही. १९९२ मध्ये रिओत हवामानाचा मूळ करार झाला, १९९५ मध्ये बर्लिनला पहिली कॉप, म्हणजे हीच वार्षिक परिषद, भरली, तिथे कामकाजाचे नियम ठरवायचे होते, त्यात मतदान कसं घ्यायचं हा नियम होता, क्रमांक ४२. तेलवाल्या देशांना मतदान नको होतं. तो नियम कंसात राहिला. आजही कंसात आहे! तीस वर्षं दर परिषदेत ‘नियम ४२ सोडून बाकी नियम लागू’ असं म्हणून काम सुरू होतं. भिजत घोंगडं म्हणतात ते हे. सगळ्या खेळाचा पहिलाच नियम ठरलेला नाही, आणि मग दोनशेच्या जवळपास देशांपैकी कुणीही एकाने खो घातला की गाडी अडते.

निदान कागदावर अडते. कारण एकमत म्हणजे काय, हे शेवटी हातोडा ज्याच्या हातात त्याच्यावर असतं. २००९ मध्ये कोपनहेगनला मूठभर देशांनी विरोध केला आणि करार मंजूर होऊ शकला नाही, परिषदेने त्याची नुसती ‘नोंद घेतली’. पुढच्याच वर्षी कानकुनला बोलिव्हियाने एकट्याने विरोध केला, तर परिषदेच्या अध्यक्ष, मेक्सिकोच्या पॅट्रिसिया एस्पिनोसा यांनी एकमत म्हणजे एका देशाला नकाराधिकार नव्हे असं सांगून हातोडा आपटला आणि ठराव पास. बोलिव्हिया छोटा, गरीब देश होता म्हणून हे जमलं, एखादा तेलवाला बडा देश असता तर हातोडा असाच पडला असता का, हा प्रश्न मला आजही पडतो.

ओझोनचा थर वाचवण्याचं उदाहरण लोक देतात, १९८७ चा मॉन्ट्रियल करार. तिथे ठरलेल्या वायूंची कपात अजून वाढवायची तर दोन तृतीयांश बहुमताने होते आणि ती सगळ्यांना लागू पडते, करारात नसलेल्या देशांबरोबर त्या मालाच्या व्यापारावर बंदी पण होती. म्हणून तो चालला. अर्थात तिथे तो माल बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या आणि पर्याय हाताशी होता, कोळसा-तेल-गॅसचं तसं नाही, अख्खं जग त्याच्यावर उभं आहे. तरी मतदानाचा मुद्दा उरतोच.

तुम्ही जर शब्द धरून बसलात ना, तर या तीस वर्षांची गोष्ट फार वेगळी दिसते. पॅरिस करार आख्खा वाचून काढा, त्यात ‘जीवाश्म इंधन’ हा शब्दच नाही. कशामुळे तापतंय त्याचं नावच घेतलेलं नाही. कोळशाचा उल्लेख यायला २०२१ चं ग्लासगो उजाडलं, आणि तिथे शेवटच्या तासात ‘टप्प्याटप्प्याने बंद’ चं ‘टप्प्याटप्प्याने कमी’ झालं. ते भारताच्या प्रतिनिधींनी वाचून दाखवलं म्हणून सगळ्या जगाने भारताला धरलं, अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा भरून आला तो व्हिडिओ सगळीकडे फिरला. पण ‘कमी करणं’ हा शब्द त्याच आठवड्यात अमेरिका आणि चीनने आपल्या जाहीरनाम्यात वापरलेला होता, आणि तेल व गॅस ज्यांच्या जिवावर श्रीमंत देश चालतात त्यांचं त्या वाक्यात बंद नाही आणि कमीही नाही, फक्त सबसिडीचा तेवढा उल्लेख. हे कुठल्या बातमीत आलं? २०२३ ला दुबईत ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणे’ आलं एकदाचं. आणि २०२५ ला ब्राझीलमध्ये बेलेमला, ऐंशीहून जास्त देश त्याचा रोडमॅप द्या म्हणून मागे लागले होते तरी, मुख्य मजकुरात त्या इंधनांचं नाव नाही ते नाहीच.

पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे बोलण्यासारखं कमी आणि वैतागण्यासारखं जास्त आहे. २००९ मध्ये ठरलं की श्रीमंत देश २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करतील. झाले २०२२ मध्ये, आणि सरकारी पैशात मोठा हिस्सा कर्जाचा, म्हणजे पूर आला की घर पण जायचं आणि डोक्यावर हप्ता पण बसायचा. अझरबैजानमध्ये बाकूला २०२४ मध्ये मागणी होती वर्षाला १.३ ट्रिलियन डॉलरची, ठरले २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज, आणि क्रियापद पुन्हा ‘देतील’ नाहीच, श्रीमंत देशांनी नुसता ‘पुढाकार घ्यायचा’. कुणाच्या खिशातून ते गुलदस्त्यात. हवामानबदलाने झालेल्या ‘नुकसान आणि हानी’ साठी फंड व्हावा ही छोट्या बेटांची मागणी १९९१ ची, वानुआतूने पुढे केलेली, फंड मान्य झाला २०२२ मध्ये. आणि पॅरिसच्या निर्णयात आधीच लिहून ठेवलेलं होतं की नुकसान-हानीच्या कलमावरून जबाबदारी किंवा भरपाई मागता येणार नाही. ज्याने कुणी ते वाक्य घातलं तो माझ्यासारखा क्रियापदं बघणारा असणार.

मग हे सगळं फोल आहे का? नाही, असं मी म्हणणार नाही. पॅरिसच्या वेळी जग या शतकाअखेर तीन ते साडेतीन डिग्रीकडे चाललंय असा अंदाज होता, आता चालू धोरणांनुसार २.८ च्या आसपास, असं संयुक्त राष्ट्रांचाच २०२५ चा अहवाल सांगतो. त्याचं श्रेय सौर ऊर्जा स्वस्त झाली त्याला किती आणि करारांना किती, यावर वाद घाला हवा तर. २.८ काही राहण्यालायक जग नव्हे, पण साडेतीनपेक्षा बरंच. आणि जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मत दिलं की हवामान जपणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर परिणाम भोगावे लागू शकतात. सल्ला स्वरूपाचं आहे, बंधनकारक नाही, पण गंमत बघा, हे सुरू कुणी केलं तर पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी. कॉलेजातल्या पोरांनी. ‘करावे’ चं ‘करील’ करायचा मागचा दरवाजा त्यांनी शोधला.

तर माझी विनंती एवढीच आहे की पुढची परिषद भरेल तेव्हा ग्रुप फोटो छोटा करा आणि त्या जागेत मसुद्यातलं एकच वाक्य रोज छापा, कंसांसकट. सोमवारी कुठले शब्द कंसात होते, गुरुवारी कुठले राहिले, आणि तो कंस कुणाच्या सांगण्यावरून बसला हे कळलं तर तेही. क्रिकेटचा स्कोअर जसा देता तसा. वाचतील लोक, मी खात्रीने सांगतो.

आणि जाता जाता दुबईचं. १३ डिसेंबर २०२३ ला सकाळी हातोडा पडला, सभागृह उठून टाळ्या वाजवायला लागलं, तेव्हा ज्यांची घरं पहिली बुडणार त्या छोट्या बेटांच्या गटाचे प्रतिनिधी सभागृहात नव्हतेच. बाहेर आपसात मसुद्यावर बोलत होते. ते आत आले तर ठराव पास झालेला. सामोआच्या ॲन रासमुसेन त्यांच्या वतीने उभ्या राहिल्या आणि अगदी सभ्य भाषेत म्हणाल्या की आम्ही जरा गोंधळलोय, आम्ही खोलीत नसताना तुम्ही निर्णय घेतलात असं दिसतंय. पुढे मजकुरात काय कमी आहे तेही सांगितलं. त्यांचं बोलून झाल्यावर सभागृह पुन्हा उभं राहिलं आणि बराच वेळ टाळ्या वाजत राहिल्या. निर्णय मात्र झाला तो झालाच. दुसऱ्या दिवशीच्या आपल्या अंकात टाळ्यांचा फोटो होता, पहिल्या टाळ्यांचा की दुसऱ्या, ते खाली लिहिलेलं नव्हतं.

कळावे,

आपला एक जुना वाचक

ता.क. : मागे एका चौकटीत ‘१.५ टक्के तापमानवाढ’ असं छापलं गेलं होतं. ते टक्के नाही, अंश सेल्सिअस. फोन केला होता, पण ऑफिसमध्ये कुणी उचलला नाही.